सोडणे आणि आवरणे



पिंगुळीत अस्त्रांविषयी बोलावयाचे म्हणजे जाणत्यांपुढे बोलणे होय. येथील ठाकर कलावंतांनी चित्रकथीच्या पोथ्यांतून आणि चामड्याच्या बाहुल्यांतून राम-रावणाचे युद्ध पिढ्यान् पिढ्या दाखविले आहे. श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच कलेसाठी. पडद्यामागे दिवा, मध्ये बाहुली, पुढे आपण. बाहुली पडद्याला टेकली की सावली रेखीव पडते. दिव्याकडे नेली की ती मोठी आणि पुसट होते. दिवा मालवला की रावण नाही, बाणही नाही.

कथेतील अस्त्र चालते कसे? साधा बाण धनुष्याच्या बळावर जातो, अस्त्र मंत्राच्या बळावर. म्हणून वस्तूला तेथे महत्त्व नाही. सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याला गवताची एक काडी पुरते. पण या विद्येचे अंग दोन: सोडणे आणि आवरणे. बालकांडात विश्वामित्रांकडून अस्त्रे मिळताच राम मागतो, ती परत घेण्याची विद्या. अर्जुनाला ती येत होती; अश्वत्थाम्याला नव्हती, आणि त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडले.

आता विलायतेकडे पाहू. एच. जी. वेल्स यांनी १९१४ साली एका कादंबरीत ‘अणुबाँब’ कल्पिला. ‘कॅरोलिनम’ नावाचे काल्पनिक द्रव्य त्यात भरलेले. ते एकदा पेटले की विझावयाचे नाही, दर सतरा दिवसांनी त्याचा जोर निम्मा व्हावयाचा. ही कादंबरी लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने १९३२ साली वाचली. पुढच्याच वर्षी त्याला खरी युक्ती सुचली: एका न्यूट्रॉनने अणुगर्भ फुटून दोन न्यूट्रॉन निघाले, तर दोहोंचे चार, चारांचे आठ, अशी साखळी चालेल. १९३८ च्या अखेरीस युरेनियमचा गर्भ फुटतो हे दिसून आले, आणि कादंबरीतील अस्त्र कारखान्यात शिरले.

जुलै १९४५ मध्ये याच झिलार्डने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केला की, हे अस्त्र असे वापरू नये. सत्तर जणांच्या सह्या झाल्या. ६ ऑगस्टला हिरोशिमा जळले.

रामाने जे अस्त्र हाती येताच मागितले, ते आम्ही माणसांनी अस्त्र तयार झाल्यावर मागितले. विज्ञानाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या मुलांनी यंत्रे जरूर घडवावीत. मात्र प्रत्येक यंत्रापाशी त्यांनी आधी विचारावे, हे थांबवावयाचे कसे? आज रात्री बाहुल्यांचा खेळ पाहावयास बसाल, तेव्हा दिव्यापाशी बसलेल्या माणसाकडेही लक्ष असू द्या. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.