मातेचे कष्ट आणि कन्येची वाट
(मानोरा, जि. वाशीम येथील भाषण)



मानोऱ्याच्या परिसरातून पोटासाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या मातांचे कष्ट थोर आहेत. ‘मी राबले, आता मुलीने अधिकारी व्हावे,’ ही त्यांची अपेक्षाही रास्त आहे. परंतु मुलगी ही आपल्या अपुऱ्या इच्छांची भरपाई नव्हे. बाहेर तिला जात विचारली जाते, घरी गुण विचारले जातात. तिला स्वतःला काय व्हावयाचे आहे, हे मात्र कोणीच विचारीत नाही.

उर्मिला पवार यांच्या मातेने कोकणात बांबूची आयदाने विणून मुलांना शिकविले. कन्या मुंबईस गेली, नोकरी करून लेखिका झाली आणि २००३ साली आपल्या आत्मकथनास तिने ‘आयदान’ हेच नाव दिले. मातेचे ऋण तिने मानले. वाट मात्र स्वतःची धरली.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व्हावे. मग जिने पतीचे दास्य नाकारावयाचे, तिने मातेच्या इच्छेचे दास्य का पत्करावे?

मातांनो, मुलीला अवश्य शिकवा; पण तिचे म्हणणेही ऐका. कन्यांनो, आईच्या हातावरचे घट्टे विसरू नका; पण निर्णय स्वतःच्या बुद्धीने घ्या.