तुरुंगाच्या दाराबाहेरची शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



तुरुंग आणि विद्या यांचे नाते आपल्याला परके नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. राजबंदी सुटला की दारात हार घेऊन माणसे उभी असत. त्याच दारातून सामान्य कैदी सुटतो, तेव्हा त्याच्या काखेत गाठोडे असते आणि समोर बहुधा कोणीही नसते. आज मला या दुसऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे.

आत शिक्षणाची सोयच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि आपले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांची केंद्रे तुरुंगांत चालतात. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम यांचे कारखाने आहेत. परंतु ही सारी व्यवस्था दारापाशी येऊन थांबते. पदवीच्या दुसऱ्या वर्षात असताना ज्याची सुटका झाली, त्याचे अभ्यासकेंद्र भिंतीच्या आत राहिले. त्याला गावाजवळचे केंद्र कोणी शोधून द्यायचे? भाकरीची भ्रांत असताना त्याने पुढचे शुल्क कोठून आणायचे?

त्याहून मोठा प्रश्न कच्च्या कैद्यांचा आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले चालू होते. म्हणजे चारांतील तिघांना शिक्षा झालेलीच नव्हती! अभ्यासक्रम आणि कारखाने मात्र बव्हंशी शिक्षा झालेल्यांना समोर ठेवून आखलेले. ज्याची सुटका उद्या होईल की तीन वर्षांनी, हे कोणालाच ठाऊक नाही, त्याला वर्गात कोण बसवणार? तारखांमागून तारखा पडतात, उमेदीची वर्षे जातात आणि निर्दोष ठरलेला तरुण रिकाम्या हाताने बाहेर येतो.

हाती प्रमाणपत्र असले तरी पुढे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आडवा येतो. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ ने, काही गंभीर अपवाद सोडता, अल्पवयीनाच्या मागे दोषसिद्धीचा डाग राहू नये हे तत्त्व मान्य केले आहे. प्रौढांच्या बाबतीत, निदान कारागिरीच्या साध्या कामांपुरता, त्याचा विचार का होऊ नये?

‘गरिबाच्या निरपराध मुलाला कॉलेज परवडत नाही, मग गुन्हेगाराला कशाला?’ असे आपलेही सहकारी विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यात दोन माणसे कल्पिली आहेत. प्रत्यक्षात पुष्कळदा ती एकच असतात. तुरुंगातील बहुसंख्य माणसे दहावीपर्यंतही पोहोचलेली नाहीत. ज्याला शाळेने आधी गमावले, तोच पुढे तुरुंगाला सापडला.

अमेरिकेने हाच आक्षेप प्रमाण मानून १९९४ साली कायद्याने कैद्यांचे पेल शिक्षण-अनुदान बंद केले. तुरुंगांतील महाविद्यालयीन वर्ग मोठ्या प्रमाणात ओस पडले. २०१३ साली रँड या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासले. शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. अखेर जुलै २०२३ पासून अनुदान पुन्हा खुले झाले. चूक उमगायला जवळजवळ तीन दशके लागली.

आपल्याला इतकी वाट पाहण्याचे कारण नाही. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले आणि कैद्यांना कुटुंबासह मोकळ्या जमिनीवर कसायला बसवले. विश्वास हीच तेथील भिंत होती.

म्हणून मागण्या तीन: आत सुरू झालेला अभ्यास बाहेर विनाशुल्क पूर्ण करता यावा, कच्च्या कैद्यांसाठी अल्प मुदतीचे, कोठेही पुढे जोडता येतील असे अभ्यासक्रम असावेत, आणि सुटकेच्या आधीच आयटीआय वा मुक्त विद्यापीठाच्या केंद्रात नाव नोंदले जावे.

सरकारकडे हे मागत असताना एक काम मात्र आपले आहे. तालुक्यात कोणी सुटून आला, तर त्याच्याबरोबर त्या केंद्राच्या खिडकीपर्यंत चालत जा. हार नको, सोबत पुरे.