येळवशीची पंगत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)

चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. परंतु येत्या मार्गशीर्ष अमावास्येस येळवशीचे सामुदायिक भोजन शहरातील मंगल कार्यालयात करावे, असा ठराव आजच्या सभेपुढे आहे हे कळल्यावर विषय शोधण्याचे कारण उरले नाही. ठराव मांडणाऱ्या तरुणांचा हेतू निर्मळ आहे. नोकरीधंद्यासाठी ज्यांनी गाव सोडले, ज्यांची शेते विकली गेली, त्यांच्या मुलाबाळांना त्या दिवशी आंबील-भज्जीचे चार घास मिळावेत, एवढीच त्यांची इच्छा आहे. तिचा अनादर न करता आम्ही आमचे निराळे मत आपणापुढे ठेवीत आहोत.

पुण्या-मुंबईस वाढलेल्या मुलांसाठी या सणाची थोडी ओळख करून देणे इष्ट होईल. पंचांगात ही दर्शवेळा अमावास्या. लोकांच्या तोंडी वेळ अमावस्या किंवा येळवस. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीच्या बाजूस ती पाळतात. कानडीत तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात, आणि एळ्ळु म्हणजे तीळ. त्या नावाचेच आपल्याकडे येळवस झाले असावे, असे आम्हांस वाटते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली भाषावार राज्यरचनेत त्याची वाटणी झाली. परंतु सणाने ती सीमा मानली नाही. नैवेद्य शिवारात शिंपडताना आपण आजही जे शब्द मोठ्याने म्हणतो ते कानडीच आहेत. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही.

त्या दिवशी गावे ओस पडतात व शिवारे गजबजतात. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि लक्ष्मीची पूजा करतात. घरचा कर्ता पुरुष आंबिलीची बिंदगी घोंगडीत गुंडाळून डोक्यावरून शेतात आणतो. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, शिजवून, त्यात लसूण, जिरे व मीठ घालून केलेली ती आंबील मातीच्या भांड्यात गार होते, आणि दुपारच्या उन्हात तिच्यासारखे दुसरे पेय नाही. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे आणि भज्जी. दिवेलागणीस कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन मुले शेताभोवती धावतात, आणि सण संपतो.

आता भज्जीकडे जरा लक्ष द्यावे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, वाटाणा, पावटा, वांगी, गाजर, कांद्याची पात, मेथी, भुईमूग, बोरे, चिंचेचा कोळ व बेसन, असे जे जे त्या पंधरवड्यात शिवारात व बांधावर हाती लागते, ते सर्व एका भांड्यात येते. भज्जी हा एका अर्थी शेताचा जमाखर्च आहे. शेतात काय आहे ते तीत उतरते आणि जे नाही त्याची उणीव तीत दिसते. गेल्या तीस वर्षांत आपल्या शिवारात सोयाबीन पसरले, ज्वारी मागे हटली, आणि पावट्या-तिळाचे तास बहुतेक ठिकाणी दिसेनासे झाले. सोयाबीनने मुलांची शिक्षणे केली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु भज्जीचे निम्मे जिन्नस आज आपण आदल्या दिवशी बाजारातून आणतो, आणि कोपीसाठी कडबा शेजाऱ्याकडे मागतो. मंगल कार्यालयात गेल्यावर तेवढेही कोणाच्या ध्यानात येणार नाही. तेथे भज्जी आचारी करील. ती चवदारही होईल. परंतु शेताचे काय झाले, हे ती सांगणार नाही.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपणांस स्मरत असेलच. त्याआधी जानेवारीत जी येळवस आली, तेव्हा आमच्या शिवारात ज्वारीचे ताट गुडघ्यापर्यंतही आले नव्हते. तरीही कोप उभी राहिली. भज्जीत तूर व बेसन यांवाचून फारसे काही नव्हते. त्या दिवशी पंगतीत जेवताना पुढचा उन्हाळा कसा जाणार, हे प्रत्येकास कळून चुकले होते, आणि तेथेच, बांधावर बसून, विहिरी सामाईक वापरण्याची बोलणी झाली. ती बोलणी शहरातल्या दिवाणखान्यात झाली असती असे आम्हांस वाटत नाही.

परंतु याहून मोठी गोष्ट पंगतीची आहे. येळवशीस आमंत्रण लागत नाही. वाटेने जाणाऱ्यास हाक मारून बसविणे हीच त्या दिवसाची रीत. ज्याला शेत नाही, असा दुकानदार, मास्तर, परगावचा नोकरदार, सारेच कोणाच्या ना कोणाच्या कोपीवर जेवतात. या रीतीचा आम्ही अभिमान सांगतो. तो सांगताना एक गोष्ट मात्र आम्ही आजवर गाळत आलो. ती आज आपणांसमोर बोलणे आमचे कर्तव्य आहे.

आमच्या लहानपणी घरी एक सालगडी होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. कडबा तेच कापीत, कोप तेच उभारीत. परंतु बिंदगीला त्यांचा हात लागू दिला जात नसे. पंगत उठल्यावर बांधाच्या पलीकडे त्यांचे कुटुंब बसे आणि त्यांच्या वाडग्यात आंबील वरून ओतली जाई. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात होता. एका येळवशीस त्याने आपले वाडगे बांधावर पालथे घातले आणि तो न जेवता गावाकडे चालू लागला. मामा खाली मान घालून जेवत राहिले. वडील काही बोलले नाहीत. आम्ही त्याला हाक मारली नाही. वाटसरूला हाक मारणारे आमचे घर, त्या दिवशी आपल्याच शेतातल्या मुलाला हाक मारू शकले नाही. पुढे वडिलांनीच एक पंगत केली, परंतु तो मुलगा पुन्हा आमच्या कोपीवर आला नाही.

आपण बसवेश्वरांचे नाव घेतो. बाराव्या शतकात कल्याण नगरीत हरळय्या चर्मकाराच्या घरी मधुवरस ब्राह्मणाची कन्या सून म्हणून आली, आणि त्यासाठी दोन्ही व्याह्यांना प्राण द्यावे लागले. ते कल्याण येथून काही तासांच्या वाटेवर आहे. त्याच परंपरेतील आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत व त्यावर दासोह चालवीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी जास्तीचे परत टाकून येण्यास सांगितले. कष्टाचे तेवढेच आपले, आणि तेही सर्वांबरोबर वाटून खाण्यासाठी. कायक आणि दासोह यांचा अर्थ हाच. ज्याच्या कष्टाने कोप उभी राहिली त्यालाच पंगतीबाहेर ठेवणे, हे या दोन्ही शब्दांना सोडून होते.

मंगल कार्यालयाच्या दारावर मंडळाचे नाव असेल, आणि आत केवळ आपणच असू. ही आमची खरी हरकत आहे. शेताला दार नसते.

म्हणून ठरावास आमची पुढील दुरुस्ती आहे. कार्यालयाच्या भाड्यासाठी जमणाऱ्या वर्गणीतून शहरातील कुटुंबांना गावी आणण्याकरिता गाड्या कराव्यात. ज्यांना शेत राहिले नाही अशी कुटुंबे शेत असलेल्यांनी आपसांत वाटून घ्यावीत. प्रत्येकाने आपल्या रानात, सोयाबीन काढल्यावर का होईना, चार तास ज्वारीचे पेरावेत, आणि पावसाळ्यातच बांधाकडेला तूर, पावटा व तीळ टाकावेत. आणि शेतात राबणारे जे कोणी असतील, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, त्यांच्या हाताने बिंदगी कोपीत आणावी आणि त्यांच्यासह एकच पंगत बसवावी.

आमचा तो वर्गबंधू आज सेवानिवृत्त होऊन गावातच राहतो. यंदा त्याच्या दारी जाऊन त्याला हाक मारण्याचे आम्ही ठरविले आहे. तो येईल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. न येण्याचा त्यास पुरता अधिकार आहे. परंतु हाक मारणे आमच्याकडे लागते, आणि ती फार वर्षे राहून गेली आहे.