महसीरच्या भेटीला

मासे मारणे आणि गळ टाकणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथमच सांगून टाकतो. मासे मारणाऱ्याला संध्याकाळी घरी कालवण हवे असते, आणि त्यात गैर काहीच नाही. गळ टाकणाऱ्याला मात्र एका विशिष्ट माशाची गाठ हवी असते. त्यासाठी तो रजा काढतो, पैसे खर्च करतो, पहाटे उठतो, आणि पुष्कळदा हात हलवीत परत येतो. तरी पुढच्या वर्षी पुन्हा जातो. अशी सहल आखायची कशी, हा आजचा विषय.

उत्तर अमेरिकेत ह्या सहलींचे मोठे शास्त्र झाले आहे. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, त्यांच्या वर कॅनडातला ओंटारिओ प्रांत, ह्या भागात थंड पाण्याची असंख्य तळी आहेत. त्यांत पाइक आणि मस्की हे दोन दांडगे मासे राहतात. दोघेही लांबोडके, दातेरी, पाणवनस्पतींत दबा धरून बसणारे. मस्कीला तिकडे 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. म्हणजे दहा हजार वेळा गळ फेकाल तेव्हा एकदा लागेल! म्हणून तिथे कोणी एकटा जात नाही. तळ्याची खडान्‌खडा माहिती असलेला वाटाड्या बरोबर घेतात. विस्कॉन्सिनमध्ये तर अशा वाटाड्याला सरकारी परवाना लागतो. कोणत्या महिन्यात गळ टाकायचा नाही, किती इंचांखालचा मासा ठेवायचा नाही, हे सारे कायद्याने ठरलेले असते.

आता तुम्ही म्हणाल, ते तिकडचे झाले. खोपोलीत बसून आम्ही काय करावे? तर वाचकहो, आपल्या डोक्यावरच, बोरघाट चढून गेले की लोणावळ्याजवळ वलवणचे तळे आहे, आणि त्या तळ्याचा संबंध ज्या माशाशी आहे तो पाइक आणि मस्की यांच्या पंक्तीला बसेल असा आहे. त्याचे नाव महसीर. आपल्याकडचे नदीकाठचे लोक त्याला खडशी म्हणतात.

ह्या नावाची एक गंमत आहे. कर्नल साइक्स नावाचे इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनभर फिरत होते. त्यांनी भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले आणि 1839 साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे देताना त्यांनी लॅटिनचा फारसा हट्ट धरला नाही. काठावरची माणसे जे म्हणत तेच पुष्कळदा उचलले. म्हणून आपल्या ह्या माशाचे शास्त्रीय नाव आज 'टॉर खुद्री' असे आहे. मस्कीचेही तसेच. ते नाव तिथल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आले आहे. माशाचे नाव आधी काठावरच्या माणसाला ठाऊक असते आणि नंतर पुस्तकाला, एवढे ध्यानात ठेवा. वाटाड्याविषयी बोलताना ते उपयोगी पडेल.

सहल आखताना पहिला प्रश्न गळाचा नाही, दोरीचाही नाही. पहिला प्रश्न असा, की पाणी कोणाचे?

खोपोलीचे वीजघर 1915 साली सुरू झाले. लोणावळा, वलवण, शिरवटा ही तळी त्यासाठीच बांधली गेली. त्यांत साठणारे पाणी एरवी इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेले असते. ते आपण अडवले, नळांतून सुमारे 500 मीटर खाली सोडले, त्याच्यावर जनित्रे फिरवली, आणि पाताळगंगेच्या हवाली करून अरबी समुद्राकडे लावून दिले. नदीची दिशाच फिरवली म्हणा ना! भिवपुरीला 1922 साली तसेच झाले. तिथले पाणी उल्हास नदीला मिळते. तेव्हा वरची तळी वीज कंपनीच्या ताब्यातली. तिथे परवानगीवाचून गळ टाकता येत नाही, आणि येऊही नये. इतर धरणांत मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांची संमती घ्यावी. अभयारण्य असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. ही चौकशी दोन महिने आधी करावी. कागद हातात नसेल तर सहल आखलेलीच नाही असे समजा.

खालच्या नद्यांविषयीही एक इशारा देतो. विजेची मागणी वाढली की वीजघरातून पाणी जास्त सुटते, आणि पाताळगंगेच्या किंवा उल्हासच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ते कंबरेला लागेपर्यंत कळत नाही. आकाश निरभ्र असते, पाऊस नसतो, तरी नदी चढते. ह्या दोन नद्यांच्या काठी आधी परत येण्याची वाट पाहून ठेवावी. मग गळ काढावा.

दुसरा प्रश्न, मासा कोणता आणि त्याचे पंचांग काय?

महसीर मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, तोंडापाशी मिशांच्या दोन जोड्या असलेला मासा. जबड्यात दात नाहीत. पण घशात आहेत, आणि ते इतके बळकट की हलका गळ त्यांत चुरून जातो. पाइक आणि मस्की दोरी दातांनी कापतात, म्हणून त्यांच्यासाठी गळाजवळ पोलादी तार लावतात. महसीर दोरी कापत नाही. आमिष घेतले की प्रवाहाच्या दिशेने एक धाव अशी मारतो की रीळ ओरडू लागते आणि दोरी संपत येते! खाण्यात चोखंदळ नाही. उंबर, जांभळे पाण्यात पडतात ती खातो, खेकडे खातो, किडे खातो, लहान मासळी खातो. दक्षिणेत त्याला नाचणीच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्याने भुलवतात.

आता पंचांग. महसीर पावसाळ्यात अंडी घालतो. त्यासाठी त्याला वाहते, स्वच्छ, खडीच्या तळाचे पाणी लागते, आणि तो ते शोधीत वर चढतो. आपल्याकडे कर्जत-खालापुरात मृगाच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर मासे ओढ्यांतून शेतात चढतात. त्याला आपण वलगण म्हणतो, आणि वलगणीच्या माशांची चव सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती चव अंड्यांनी भरलेल्या पोटाची असते, हे आपण बोलत नाही. लहान मासळी भराभर वाढते, ती हे सोसते. महसीरसारखा सावकाश वाढणारा मासा सोसत नाही. म्हणून गळवाल्याने आपल्यापुरता नियम करावा: जून ते सप्टेंबर गळ माळ्यावर. दसरा झाला, पाणी निवळले, की पहिला हंगाम. थंडी सरून उन्हे तापू लागली की दुसरा. दोन्ही वेळी पहाट आणि तिन्हीसांज चांगली. भर दुपारी मासाही झोपतो, आपणही झोपावे.

मासा कसा दिसतो हे आधी पाहायचे असेल, तर आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथे वरदायिनी देवीचे ठाणे आहे, आणि डोहातले महसीर देवीचे मानले जातात. लोक कुरमुरे टाकतात, मासे अंगावर येतात. वैतरणेकाठी तिळसे येथे शंकराच्या देवळापाशी तसेच. दोन्ही ठिकाणी गळाचे नावही काढायचे नाही! ज्या काळी मत्स्यखाते नव्हते त्या काळी ह्या डोहांनी महसीर राखला. नवशिक्याने पहिली सहल बिनगळाची, ह्या डोहांचीच करावी, असे मी सुचवीन.

इथे वलवणची गोष्ट सांगितली पाहिजे. धरणे झाली, वर चढण्याच्या वाटा बंद झाल्या, आणि दख्खनी महसीर कमी होऊ लागला. तेव्हा टाटांच्या वीज कंपन्यांनी 1970 च्या सुमारास वलवणला त्याची पैदास हाती घेतली. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याच्या अंड्यांचा आणि पिलांचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध केला. पावसाळ्यात पिकलेल्या मादीची अंडी हलक्या हाताने काढायची, नराचे रेत त्यांत मिसळायचे, आणि वाहत्या पाण्यात तीन-चार दिवस सांभाळायची. ऐकायला सोपे, करायला फार नाजूक. तिथून पुढच्या काळात पिलांची बोटुकली देशभर गेली. काम मोठे होते, आणि हेतू निर्मळ होता.

पण ती कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीला उंचवटा असलेला, ह्या कुळातला थोरला. 1946 साली कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी गळाला लावलेला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा, प्रसिद्ध महसीर त्याच जातीचा. कावेरीकाठी पुढे गळवाल्यांच्या छावण्या झाल्या. तिथे मासा पकडून, मोजून, परत सोडण्याची शिस्त होती आणि प्रत्येक माशाची नोंद होत असे. एका छावणीच्या 1998 ते 2012 ह्या नोंदी शास्त्रज्ञांनी पुढे तपासल्या. त्यांत दिसले असे की, माशांची संख्या वाढत होती, आकार घटत होता, आणि वाढत होता तो आपला दख्खनी पाहुणा. कुबडा यजमान मात्र नाहीसा होत चालला होता. 2018 साली त्याची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' अशी नक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. कावेरीची दुखणी अनेक आहेत. धरणे आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंगाने मासे मारणे आहे. पण परक्या माशाची भर हे त्यांतले एक. ज्याला आपण वाचवले, त्याने दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड केले.

ह्यातून गळवाल्याने दोन गोष्टी घ्याव्यात. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत कधीही सोडू नये; हौसेने नाही, पुण्य म्हणूनही नाही. आणि वही ठेवावी. तारीख, जागा, पाण्याचा रंग, माशाची लांबी, जात. मासा लागला नाही तर तेही लिहावे. कावेरीचे दुखणे उमगले ते हौशी माणसांच्या अशाच नोंदींतून.

तिसरा प्रश्न वाटाड्याचा. हा कोण असावा? माझे उत्तर असे, की त्या पाण्याच्या काठी ज्याचे लहानपण गेले तो. आपल्या भागात ठाकर आहेत, कातकरी आहेत. कोणत्या खडकाखाली सावली किती वाजता पडते, उंबर कुठे पिकला, गढूळ पाणी किती दिवसांनी निवळते, हे त्यांना पुस्तकावाचून कळते. अशा माणसाला 'अरे, जरा चल आमच्याबरोबर' म्हणून फुकट राबवू नये. दिवसाचा मोबदला आधी ठरवावा, मासा लागो न लागो तो पुरा द्यावा, जेवण एका पंक्तीला करावे. कावेरीच्या छावण्यांत पूर्वी चोरून मासे मारणारी माणसेच पुढे वाटाडे आणि राखणदार झाली होती, कारण जिवंत माशावर त्यांची चूल पेटू लागली. पुढे अभयारण्यात गळ टाकण्यावर बंदी आली आणि त्या छावण्या मिटल्या. बंदी योग्य की अयोग्य, ह्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. मी एवढेच म्हणेन, की नदीवर डोळा ठेवणारी माणसे कमी झाली तर नदीला ते परवडत नाही. सुरुंग आणि विष घालून मासे मारणे 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण कायदा काही रात्री काठावर बसत नाही. माणूस बसतो.

सामानाचे थोडक्यात सांगतो. चिवट काठी, भरपूर दोरी मावेल असे रीळ, आणि गळ एकच, उलटी अणी नसलेला किंवा ती पक्कडीने दाबून टाकलेला. त्याने मासा निसटण्याची भीती थोडी वाढते. पण सोडताना त्याचे तोंड फाटत नाही. हात ओले करूनच माशाला धरावे; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग शिरतो. छायाचित्र हवे तर मासा पाण्यावर क्षणभर उचलावा, तुमचा श्वास पुरेल तेवढाच वेळ. मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला दोन्ही हातांत सैल धरावे. दमलेला असतो, एकदम जात नाही. कल्ले नीट हलू लागतात, शेपटीत जोर येतो, आणि तो आपणहून निघतो. त्याला ढकलू नये.

तेव्हा परवानगीचा अर्ज ह्याच आठवड्यात लिहा. वही विकत घ्या. वाटाड्याची गाठ घेऊन मोबदला ठरवा, आणि दसऱ्यानंतरची एखादी पहाट त्यालाच निवडू द्या. घरच्यांना मात्र आधीच सांगून ठेवा, की त्या रात्रीच्या कालवणाची सोय बाजारातून करावी.