पाठीवरची हवा



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन ६६ अग्निशामक कर्तव्य बजावताना मृत्यू पावले, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. वसंतातल्या या व्याख्यानमालेचे दिवसही त्याच सुमाराचे असल्याने शौर्याचे गुणगान आपण नुकतेच ऐकले असेल. मला आज त्या शौर्याच्या मागे, अग्निशमन केंद्रातल्या एका लहानशा खोलीत, जवानाच्या पाठीवरच्या सिलिंडरात हवा भरीत बसलेल्या माणसाविषयी बोलावयाचे आहे.

त्या सिलिंडराला लोक सर्रास ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. तो तसा नसतो आणि नसावाही; तेलाच्या लवलेशाशी उच्च दाबाच्या प्राणवायूची गाठ पडली की आपोआप आग उत्पन्न होऊ शकते. आत असते ती आपलीच साधी हवा, परंतु ३०० बार, म्हणजे भोवतालच्या हवेच्या सुमारे तीनशे पट दाबाने कोंडलेली. ६.८ लिटरांच्या सिलिंडरात अशी दोन हजार लिटरांच्या जवळपास हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरली तर ती पाऊण तासाची बेगमी ठरते, पण बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन जिना उतरणारा जवान ती अर्ध्या तासातच संपवतो, आणि दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजून त्याला परतीची आज्ञा देते.

एवढा दाब सोसणारे पात्र हलके असावे म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ अस्तरावर कार्बनच्या तंतूंचे वेष्टण देतात. लोखंडाला पोचा पडला तर तो आंधळ्यालाही लागतो. तंतूंचे दुखणे मात्र पृष्ठाखाली लपते. म्हणून जाणता तपासनीस सिलिंडर उजेडाकडे तिरका धरतो, सावकाश फिरवतो, आणि ओरखडा दिसला की त्यावरून आडवे नख नेतो: नख अडखळले की खोली मोजायची. साधारण सव्वा मिलिमीटरपेक्षा खोल चीर, आचेने काळवंडलेली तंतूंमधली राळ, सुटून वर आलेले तंतू, यांपैकी काहीही आढळले तर त्या सिलिंडराची चाकरी संपली. जुन्या पोलादी सिलिंडरात बारीक दिवा सोडून तळ पाहावा लागतो, कारण आत ओल राहिली की गंज चढतो, आणि तो गंज कोंडलेल्या हवेतला प्राणवायूच हळूहळू खाऊन टाकतो. ठराविक मुदतीने होणारी जलदाब चाचणी याहून निराळी. तीत सिलिंडर पाण्याने भरून, पाण्यातच बुडवून, नित्याच्या दीडपट किंवा अधिक दाबाने ताणतात. तो किती फुगला आणि दाब काढल्यावर कितपत पूर्ववत झाला, यावरून त्याची योग्यता ठरते. पाणी फारसे दबत नाही, म्हणून पात्र फुटले तरी हवेसारखा हाहाकार होत नाही.

भरतानाही घाई उपयोगी नाही. वेगाने भरलेली हवा तापते, काटा ३०० दाखवतो, आणि रात्रीत थंड झालेला तोच सिलिंडर सकाळी २७० वर उतरलेला आढळतो. म्हणजे जवानाची काही मिनिटे घाईने चोरली.

पण याहून मोठे भय हवेच्या अशुद्धतेचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वर्ण नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जडतो, म्हणून युरोपीय मानकाने भरलेल्या हवेत त्याला दहा लाखांत पाच भागांपलीकडे मुभा दिलेली नाही. एका केंद्रात मी पाहिले, की कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी ज्या भिंतीबाहेर काढली होती, तिलाच लागून रोज सकाळी हाच वायू ओकणारे बंबाचे इंजिन चालू ठेवण्याचा शिरस्ता होता, आणि भरणीची वेळही तीच. कोणाची नियत वाईट नव्हती; दोन कामांचा एकत्र विचार कोणी केला नव्हता, इतकेच. कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर करणारा रासायनिक थर गाळणीत असतो खरा, पण ओलाव्याने तो निकामी होतो, म्हणून त्याच्या आधीचा ओल शोषणारा थर वेळेवर बदलला नाही तर सारीच तजवीज व्यर्थ जाते.

कायदा आहे. वायू सिलिंडर नियम, २०१६ आहेत, त्यांचा अंमल करणाऱ्या खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरास आहे, आणि राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही तिथेच आहे. परंतु दोन चाचण्यांमधल्या प्रत्येक दिवशी निर्णय त्या खोलीतला माणूसच घेतो, आणि ‘हा सिलिंडर मी भरणार नाही’ असे म्हणण्याचा लेखी अधिकार त्याला नसेल, अथवा तसे म्हटल्याबद्दल त्याला वरिष्ठांपुढे कैफियत द्यावी लागत असेल, तर नियमांची सारी दप्तरे धुरात शिरलेल्या जवानाच्या कामी येत नाहीत. मुखवटा चढवल्यावर हवा पारखण्याचे साधन त्याच्यापाशी उरत नाही. ती पारख दुसऱ्याने आधीच केलेली असावी लागते.

आपल्यापैकी जे नगरपालिकेत बसतात, त्यांना माझी विनंती आहे. अग्निशमन केंद्राला भेट द्याल तेव्हा बंबाची चकाकी पाहून परतू नका. हवा भरण्याची खोली उघडायला सांगा, नोंदवही मागा, आणि वर्षभरात तीत एकही सिलिंडर नाकारल्याची नोंद नसेल तर त्याचे कारण विचारा.