ठिपक्यांच्या डुकरिणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा विषय चिटणीसबाईंनी माझ्यावरच सोपविला. "परदेशात तुम्ही जे करता तेच सांगा," असे त्या म्हणाल्या. मी काय करते ते ऐकल्यावर मात्र फोनवर क्षणभर शांतता पसरली. मी डुकरे पाळते. हसा, अवश्य हसा. ज्या वाईत मी वाढले, तिथे हा शब्द आम्ही भावंडे एकमेकांना चिडविण्यापुरताच वापरीत असू, आणि तोही आजीच्या कानावर पडणार नाही अशा बेताने.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात, आमची पाच एकर जागा आहे. तिथे सफरचंदाची जुनी झाडे आहेत, भाजीचा मळा आहे, आणि 'ग्लॉस्टरशायर ओल्ड स्पॉट्स' जातीच्या तीन डुकरिणी आहेत. पांढरट अंग, त्यावर काळे ठिपके, आणि अळूच्या पानासारखे मोठे कान डोळ्यांवर पडलेले. झाडावरची सफरचंदे पाठीवर पडून जे वळ उठले तेच हे ठिपके, अशी तिकडच्या आजीबाईंची गोष्ट! त्या भागात चीज फार होई. दूध फाडून उरलेले पाणी आणि वाऱ्याने पडलेली फळे यांवर हे जनावर वाढे. वाया जाणाऱ्या वस्तूंतून गरिबाच्या घरी चार पैसे आणणारे जनावर म्हणून त्याला मान होता.

मग दिवस फिरले. 1949 साली स्वीडनहून लांबट, कमी चरबीची 'लँडरेस' डुकरे आणली गेली. 1955 साली एका सरकारी समितीने सल्ला दिला, की देशाने सारा भर तीनच जातींवर द्यावा. शहरातल्या गिऱ्हाइकाला चरबी नको, कारखान्याला सगळी डुकरे एका मापाची हवीत, आणि बंदिस्त गोठ्यात लवकर वाढणारी हवीत. सल्ला हिशेबाला धरून होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या हिशेबात जुन्या जाती बसेनात. लिंकनशायरची मेंढीसारखी कुरळ्या केसांची डुकरे 1970च्या सुमारास कायमची नाहीशी झाली. कंबरलंडची त्याआधीच गेली होती. 1973 साली दुर्मीळ जाती राखण्यासाठी तिथे एक न्यास स्थापन झाला. तोवर आमच्या ठिपकेवाल्यांना ज्यांनी जगविले, ते बहुतेक तीन-चार डुकरिणी बाळगणारे लहान शेतकरी होते.

आता तुम्ही विचाराल, जात राखायची म्हणजे करायचे काय? पहिले काम वहीचे. या जातीची वंशावळ 1913 पासून लिहिली जात आहे. प्रत्येक शुद्ध पिल्लाच्या कानाला खूण असते आणि त्याचे आईबाप कागदावर असतात. जनावरे थोडी उरली की जवळच्या नात्यात जोडी जमण्याचा धोका वाढतो, मग पिल्ले कमी आणि अशक्त होतात. म्हणून नर निवडताना पणजोबापर्यंत पाहावे लागते. आपल्याकडे सोयरीक जुळविणाऱ्या काकूंना हे काम एका दिवसात जमेल!

या वहीतली एक रीत मला फार आवडते. नर पिल्लाला बापाच्या ओळीचे नाव मिळते आणि मादीला आईच्या घराण्याचे. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला, असे नाव चालत राहते. माझ्या थोरल्या डुकरिणीला मी घरात ठकू म्हणते. वहीत मात्र तिचे नाव तिच्या पणजीचेच आहे. म्हणूनच लेक झाली नाही, किंवा झालेली लेक निवडीस उतरली नाही, तर त्या घराण्याची ती शाखा तिथेच संपते.

ठकूच्या बाबतीत हाच घोर लागला होता. डुकरीण सुमारे 114 दिवसांनी विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असे तिकडे तोंडपाठ सांगतात. वेळ जवळ आली की ती गवताच्या काड्या तोंडाने आणून घरटे रचते. पिल्ले एक-दोन दिवसांत आपापले आचळ ठरवून घेतात आणि शेवटपर्यंत तेच धरतात. पहिल्या वेताला ठकूला नऊ पिल्ले झाली, त्यांत माद्या चार. पण निवडीचे नियम कडक आहेत. अंगावर निदान एक तरी स्वच्छ ठिपका हवा, आचळे चौदापेक्षा कमी नकोत, पाय सरळ हवेत. चारींपैकी एकही उतरली नाही. दुसऱ्या वेतात माद्या दोनच झाल्या, आणि त्यांचीही आचळे भरेनात.

त्याच सुमारास एका मोठ्या शेतकऱ्याने सुचविले, की माझा संकरित नर घेऊन जा. पिल्ले लवकर वाढतील आणि पैसा लवकर सुटेल. खाद्याचे बिल टेबलावरच पडले होते, त्यामुळे यजमानांना ते पटत होते. पण ठकूचे वय वाढत होते आणि तिची वेते मोजकीच उरली होती. त्यातले एक संकरासाठी घालविणे म्हणजे लेकीची एक संधी घालविणे. आम्ही दोघांनी रात्री हिशेब मांडला, आणि त्या वर्षी घराचे छत दुरुस्त न करण्याचे ठरले. तिसऱ्या वेताला दोन लेकी उतरल्या. छत अजून एका कोपऱ्यात गळते.

आणि बाकीच्या पिल्लांचे काय, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. ती टाळून मी भाषण संपविले तर ते खोटे होईल. बाकीची सहा-सात महिन्यांची झाली की खाटकाकडे जातात. मी स्वतः मांस खात नाही. तरी त्यांना मीच नेते, कारण ओळखीच्या हाताने ती घाबरत नाहीत. खाणारा कोणी नसेल, तर ही जात कोणी पाळणार नाही; पाळली नाही, तर ती चित्रातच उरेल. या गोष्टीने मन दुखते, आणि ते दुखू नये असे मला वाटतही नाही. जगतात तोवर त्यांना माती, ऊन, आईचे दूध आठ आठवडे आणि लोळायला चिखल मिळावा, एवढे माझ्या हाती आहे. चिखलही चैनीसाठी नव्हे. त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही आणि गोऱ्या कातडीला ऊन भाजते, म्हणून तो लागतोच.

एक गंमतही सांगते. आपल्या स्वयंपाकघरातली उरलेली पोळी त्यांना घालणे तिथे गुन्हा आहे. 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत लाखो जनावरे मारावी लागली, तेव्हापासून खरकट्यावर पूर्ण बंदी आहे. आमचे घर शाकाहारी असले तरी सुटका नाही, कारण त्याच ओट्यावर दूध-तूप असते. मळ्यातली कोबीची पाने थेट मळ्यातून नेली तर चालतात. तीच ओट्यावरून नेली तर चालत नाहीत. त्यामुळे आमच्या घरी भाजी दारातच निवडली जाते!

हे काम करू लागल्यापासून मला आपल्या गावच्या कैकाडी आणि वडार बायका आठवतात. त्यांची डुकरे गल्लीत आली की आपण दगड उचलीत होतो. पोरांच्या आजारपणासाठी, लग्नासाठी, त्या बायकांनी हातच्या पैशासारखे सांभाळलेले ते धन होते, हे मला परदेशात स्वतः खाद्याचे बिल भरताना उमगले. आपल्याही देशात आता देशी डुकरांच्या जाती नोंदल्या जातात. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीत आपल्या शेजारच्या गोव्यातील 'आगोंदा गोवन' ही जात आहे.

तुम्ही डुकरे पाळा असे सांगायला मी आलेले नाही. पण वापरातून गेलेली वस्तू आधी वहीतून जाते आणि मग आठवणीतून, हे मी तिथे पाहिले. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे असेच घरोघर पेरते ठेवले. आपल्या परड्यातील पावटा, वाल, दोडका यांचे जुने वाण कोणाकडे आहेत, ते कोणाच्या आईकडून आले, याची एक वही मंडळाने घालावी, आणि दरसाल त्यातले मूठभर बी एकमेकींना द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.