फी माफ, पण खर्च?

आम्ही हिवरे बाजारच्या बाया बोलतोय. आमच्या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, मगच पीक ठरतं. लेकीला दातांची डॉक्टर करायची, तरी तसाच हिशोब आधी मांडावा. बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण, वर एक वर्ष इंटर्नशिप.

जुलै २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण जागा सरकारी प्रवेश फेरीतूनच मिळालेली हवी. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही, खासगी अभिमत विद्यापीठालाही नाही. लोणीचं दंत महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यातलं, जवळ म्हणून मन ओढतं. पण ते अभिमत विद्यापीठाचं. म्हणून कोट्यासाठी कुणी जमीन विकायला निघालं, तर पुढची फेरी होऊ द्या म्हणावं.

आणि फी माफ झाली तरी वसतिगृह, खाणावळ, पुस्तकं घरच्यांच्याच माथी. पहिल्याच वर्षी पोरी मेणातून दात कोरायला शिकतात. ते मेण, कोरायची हत्यारं, प्लास्टर, सगळं बहुतेक ठिकाणी आपणच घ्यायचं. हा आकडा ऑफिसात विचारण्यापेक्षा वरच्या वर्गातल्या पोरीला विचारा, ती खरा सांगेल.

उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच तहसीलमधून काढून ठेवा. महाडीबीटीवरचा अर्ज मात्र दरवर्षी भरायचा, एकदा भरून भागत नाही.